कुमुदताईंची मंडळी

त्या दुपारी मी ‘बघतोय’ म्हणालो, तेव्हा मी बघत नव्हतो. हे एवढं वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिथे ते सर्वांत आधी बोलायला हवं होतं तिथे, कुमुदताईंजवळ, तर नाहीच. संधी मिळाली नाही असंही म्हणता येणार नाही. एकदा इस्पितळात त्यांनी स्वतः विचारलं होतं. आणि नंतर एकदा प्राणिसंग्रहालयात त्यांनी काहीच विचारलं नाही, तेव्हा तर बोलणं आणखी सोपं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. आमच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या युर्गेनचा फोन आला. म्हणाला, “झोपेत गेली. शांतपणे.” मग म्हणाला, “तुझ्याबद्दल नेहमी विचारायची. गिरीश काय करतो, गिरीशची मुलगी किती मोठी झाली.” मी नुसता “या, या”, म्हणजे जर्मनमधलं हो, हो, करत राहिलो आणि फोन ठेवला. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. त्यांचं चरित्र मला लिहिता येणार नाही, ते मला पुरतं ठाऊकही नाही. मला ठाऊक आहेत त्या कुमुदताई एका तळघरातल्या, उबदार दमट खोलीतल्या.

डॉ. कुमुद मुळ्ये मूळच्या संगमेश्वराकडच्या. तरुणपणी जर्मनीत शिकायला आल्या आणि इथल्याच झाल्या. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा युरो नुकताच आला होता आणि लोक नव्या नोटा अजून उलटसुलट करून बघत होते. मी पुण्याहून पीएचडीला आलेला रसायनवाला. आमची संस्था एका लहानशा विद्यापीठाच्या गावात होती आणि तिथे सर्पविषावर काम चाले. ताई त्या सापांच्या प्रमुख. बुटकी, काटक बाई, केस मानेवर कापलेले, अंगात वर्षानुवर्षं तोच राखाडी स्वेटर. मी पहिल्या दिवशी “मॅडम” म्हणालो, तर म्हणाल्या, “इथे शिपायापासून प्रोफेसरापर्यंत सगळे मला कुमुद म्हणतात. तुझ्या जिभेला ते जड जाणार. ताई म्हण आणि मोकळा हो.”

बूट घालण्याआधी त्या ते उलटे करून जमिनीवर आपटत. लहानपणी कोकणात लागलेली सवय. तिकडे बुटात फुरसं निघू शकतं, विंचू तर हमखास. पण ताई चौथ्या मजल्यावर राहत होत्या, बाहेर बर्फ पडत असे, आणि तरी रोज सकाळी जिन्यात त्यांच्या बुटांचे ठोके ऐकू येत, असं त्यांची शेजारीण सांगायची. प्रयोगशाळेतही तेच. युर्गेन, म्हणजे सापांच्या खोलीतला तंत्रज्ञ, दंडावर नाग गोंदवलेला दांडगा माणूस, दर वेळी विचारायचा, “आज काय निघालं, कुमुद?”

“आज काही नाही. उद्या बघू.”

आणि त्या सापाला साप म्हणत नसत. “आमच्याकडे तिन्हीसांजेला त्याचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात. पण जनावर म्हटलं की लोक काठी शोधायला लागतात. त्यापेक्षा मंडळी म्हणावं.” त्यामुळे सकाळी भेटलो की पहिला प्रश्न: “मंडळींची खबरबात?” युर्गेनलाही हा शब्द त्यांनी शिकवला होता. त्याच्या तोंडी तो “मांडली” व्हायचा.

मंडळी बरीच होती, पण ताईंचा जीव एकाच पेटीतल्या जोडीवर होता. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात एक खडकाळ बेट आहे. त्या एवढ्याशा बेटावर सापाची एक जात आहे आणि ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. रंग फिकट सोनेरी, पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखा. डोकं भाल्याच्या फाळासारखं. जातीनं आपल्या घोणशीच्या आणि फुरशाच्या कुळातला, आणि त्यातही कोकणातल्या हिरव्या चापड्याच्या अगदी जवळचा. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगा असतो, त्यातून त्याला समोरच्याची ऊब कळते. बेटावर कुणाला उतरू देत नाहीत, तरी चोरून उतरणारे उतरतात, कारण युरोपात असल्या दुर्मिळ सापासाठी वेडे झालेले हौशी लोक आहेत. आमची जोडी अशाच एका माणसाच्या बॅगेत, मोज्यांत बांधलेली, विमानतळावर त्सोलच्या, म्हणजे कस्टम्सच्या, लोकांना सापडली होती. तेव्हा ती पिल्लं होती. परत बेटावर सोडणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्याबरोबर इथला एखादा रोग तिकडे गेला असता तर सगळी जातच संपली असती. म्हणून ती सरकारनं ताईंच्या स्वाधीन केली.

“चोरीचा माल आहे,” ताई म्हणायच्या, “पण चोरी त्यांनी नाही केलेली.”

मला त्या सापाशी काही देणंघेणं नव्हतं. माझ्याकडे त्याचं विष गोठवलेल्या भुकटीच्या रूपात, चिमूटभर, एका नळीतून येई. रक्त गोठण्याच्या क्रियेवर ते काय परिणाम करतं, एवढाच माझा विषय. एकदा ताई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “ज्याच्या जिवावर डॉक्टर होणारेस, त्याचं तोंड तरी बघ.”

तळघरात घेऊन गेल्या. पेट्या बंद असताना पाहुणा म्हणून आत जायला हरकत नव्हती. मला त्यांनी त्या पेटीसमोर स्टुलावर बसवलं. काचेआड फांद्या, रुंद पानं, तळाशी पाण्याचं भांडं. एका फांदीवर सोनेरी वेटोळं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“एक.”

“परत बघ.”

मी बघत राहिलो. ताई आपलं काम करत होत्या, मधूनच मागे येऊन उभ्या राहत होत्या. मला कंटाळा आला, मग पाठ दुखायला लागली, मग थोडा रागही आला. दुसरा साप पहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर होता. वर, दाराच्या चौकटीजवळच्या फांदीवर, वाळक्या पानांच्या रंगात रंग मिसळून, डोकं खाली करून तो थेट माझ्याकडे बघत होता. तो दिसला तसा मी स्टूल मागे ओढलं.

“दोन,” मी म्हणालो.

“हां. आता जेवायला जा.” जाता जाता म्हणाल्या, “तो तुला कधीचा बघतोय. तुला उशीर लागला.”

खोलीतला शिरस्ता ताईंनीच घालून दिलेला होता आणि तो फार साधा होता. पेटी कुणी एकट्यानं उघडायची नाही. पेटीचं दार समोरून सरकतं. उघडणाऱ्याला चौकटीच्या वरचा भाग दिसत नाही, म्हणून दुसरा माणूस बाजूच्या काचेशी साप अडवायची आकडी घेऊन उभा राहतो. उघडणारा आधी विचारतो, मंडळी कुठायत? दुसरा दोघांची जागा सांगतो. मग उघडणारा म्हणतो, “उघडतोय.” दुसरा म्हणतो, “बघतोय.” हे ऐकल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. बघणाऱ्यानं दार पुन्हा बंद होईपर्यंत दुसरीकडे मान वळवायची नाही. कुणी हाक मारली तरी नाही, शिंक आली तरी डोळे मिटायचे नाहीत. युर्गेनबरोबर हे जर्मनमध्ये चाले. मंत्र म्हटल्यासारखं ते दोघं म्हणत, आणि मला बाहेरून ऐकताना हसू येई.

एकदा मी हसलो ते ताईंनी बघितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “माझे हात बघतात ना, ते त्याच्या डोळ्यांनी बघतात. त्याचं ‘बघतोय’ आलं की माझे डोळे मी त्याला दिले. मग माझ्याकडे राहतं काय? नुसता चिमटा.”

आणखी एक गोष्ट त्या ठामपणे सांगत. साप कधी अचानक चावत नाही. “तो आधी सांगतो. मान मागे ओढतो, जीभ बदलते, श्वास बदलतो. सांगितल्याशिवाय येणारा मी अजून बघितला नाही. लोक म्हणतात ना, एकदम आला? एकदम कुणी येत नाही. बघणाऱ्याचं लक्ष नसतं.”

गावात आमचं छोटंसं महाराष्ट्र मंडळ होतं, म्हणजे गणपतीला आणि दिवाळीला जमणारी काही कुटुंबं. एका गणपतीत मुलांसाठी ताईंचं भाषण ठेवलं. शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये मखराशेजारी त्यांनी बेटाचा नकाशा लावला. मुलं सतरंजीवर बसली होती, मराठी समजणारी पण जर्मनमध्ये उत्तरं देणारी. ताईंनी विचारलं, “बेटावर उंदीर नाही, ससा नाही. मग हे खाणार काय?” एक मुलगा ओरडला, “फोगेल!”

“गेनाऊ, बरोबर. पक्षी. आता समज, तू साप आहेस. किनाऱ्यावरचा तुझा भाऊ उंदराला चावतो आणि सोडून देतो. उंदीर धावला तरी तो वासावर मागे जातो, सावकाश जेवतो. तू पक्ष्याला चावून सोडलंस तर?”

“वेक!” म्हणजे गेला, म्हणत मुलांनी हातांचे पंख केले.

“उडाला. समुद्रात पडला. म्हणून बेटावरचा साप चावतो आणि धरून ठेवतो. सोडतच नाही. आणि त्याचं विष पक्ष्यावर फार लवकर चढतं. कारण पक्षी काही रोज येत नाहीत. दूरदेशीचे थवे वर्षातून ठरावीक दिवसांत बेटावर टेकतात. बाकीचे महिने मंडळी वाट बघतात.”

मागे बसलेल्या एका काकूंनी नाक मुरडलं. “अहो ताई, पण असलं जनावर जगवायचं तरी कशाला? गेलं तर गेलं.”

ताईंनी त्यांच्या यजमानांकडे बघितलं. “भाऊसाहेब, तुम्ही ब्लडप्रेशरची गोळी घेता ना सकाळी?”

“घेतो की.”

“त्या घराण्यातल्या गोळ्यांची पहिली वाट याच्या किनाऱ्यावरच्या चुलतभावाच्या विषातून सापडली. काकू, तुमचं कुंकू त्यांच्या उपकारावर आहे.”

हॉल हसून हसून कोसळला. काकूही हसल्या, पण पुढे महिनाभर ताईंशी बोलल्या नाहीत. युर्गेनला मी हा किस्सा सांगितला तेव्हा तो म्हणाला, “ती सापांशी सांभाळून बोलते, माणसांशी नाही.”

त्यानंतरच्या वर्षी मादी व्याली. ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. ताई कित्येक वर्षं त्याची वाट बघत होत्या. बेटावरच्या सापांत वर्षानुवर्षांच्या घरातल्या घरात झालेल्या संबंधांमुळे दोष साठलेले आहेत, माद्यांमध्ये नराचे अवयव सापडतात, पिल्लं मरतात. इथेही बहुतेक मेलेली निघाली. जी थोडी जगली ती करंगळीएवढी होती. संध्याकाळी ताईंनी मला बोलावलं. काचेआड एक पिल्लू वेटोळं करून स्तब्ध बसलेलं आणि त्याच्या शेपटीचं फक्त टोक वळवळत होतं, अगदी एखाद्या किड्यासारखं.

“बघ, काय करतोय?”

“शेपटी हलवतोय.”

“आमिष दाखवतोय. त्याला वाटतंय, एखादा सरडा या किड्याला भुलून जवळ येईल. त्यानं बेट बघितलं नाही, सरडा बघितला नाही. कुणी शिकवलं?” त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबाभर शिरा करून आणला आणि सगळ्या संस्थेत वाटला. प्रोफेसरांनी विचारलं, कुणाचा वाढदिवस? ताई म्हणाल्या, “बारसं आहे.”

त्या जोडीचा वंश टिकवणं हेच आता त्यांचं काम होतं. उद्या बेटावर काही झालं, वणवा लागला, चोरांनी बेट धुऊन नेलं, तर समुद्राच्या या बाजूला थोडे तरी असावेत. लग्न नाही, मूल नाही, देशात कुणी जवळचं नाही. पण त्याबद्दल बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. पिल्लांच्या वजनाबद्दल मात्र रोज.

आता ती दुपार.

मादी दुसऱ्यांदा गाभण होती आणि दिवस भरत आले होते. युर्गेन मायोर्काला रजेवर गेला होता. त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला. पेटीतलं पाण्याचं भांडं घाण झालं होतं आणि मादीला त्या दिवसांत स्वच्छ पाणी हवंच होतं. त्या खोलीत उघड्या पेटीशी उभं राहायचं तर संस्थेची रीतसर उंटरवायझुंग घ्यावी लागे, म्हणजे सुरक्षेची शिकवणी आणि शेवटी सही. माझी व्हायची होती. पण मी इतकी वर्षं तिथे जातयेत होतो, आणि ताई म्हणाल्या, “पाच मिनिटांचं काम आहे. तू उभा राहा. तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे.”

माझ्या कोटाच्या खिशात मोबाइल होता. खोलीत मोबाइल न्यायचा नाही हाही त्यांचाच नियम. पण त्या दिवशी एका घरमालकिणीचा एसएमएस यायचा होता. मृणालला, माझ्या बायकोला, पुण्याहून आणायचं तर व्हिसासाठी पुरेशी मोठी वोनुंग, म्हणजे राहती जागा, दाखवावी लागे. आम्ही लग्नानंतर वर्षभर वेगळे राहिलो होतो, आणि तीन घरमालकांनी नकार दिला होता. चौथी बाई म्हणाली होती, दुपारपर्यंत कळवते.

“मंडळी कुठायत?” ताईंनी विचारलं.

“मादी खालच्या फांदीवर. नर मागे, पानांत.”

“उघडतेय.”

“बघतोय.”

दार सरकल्याचा आवाज झाला. खिशात फोन थरथरला. मी तो काढला. “तुम्हाला घर देत आहे,” एवढंच जर्मन वाक्य होतं, आणि मी ते पुन्हा वाचलं, कारण मला खरं वाटेना. मी मान वर केली तेव्हा नर चौकटीवरून खाली लोंबत होता आणि ताईंच्या उजव्या हाताला लागलेला होता.

त्यानं सोडलं नाही. ताई मुलांना सांगायच्या तसंच, धरून ठेवलं, जणू हात उडून जाणार होता.

ताई ओरडल्या नाहीत. डाव्या हातानं त्यांनी चिमट्यानं त्याचे जबडे सोडवले, त्याला फांदीवर ठेवलं, दार सरकवलं, कडी लावली. मग त्या जमिनीवर बसल्या. मी फोन कधी खिशात टाकला ते मला आठवत नाही. त्यांनी तो बघितला नव्हता. त्यांची पाठ माझ्याकडे होती, कारण डोळे त्यांनी मला दिलेले होते.

“गिरीश,” त्या म्हणाल्या, “गजर दाब. फ्रिजमधलं अँटिव्हेनम काढून दाराशी ठेव. आणि ऐक. तू आत नव्हतास. मी एकटीनं उघडलं. तू कॉरिडॉरमध्ये होतास, आवाज ऐकून आलास.”

“ताई—”

“तुझी सही नाही झालेली. इथून काढतील तुला, आणि मग व्हिसाच्या ऑफिसातले आउसलेंडरबेहोर्डंवाले देशातून. माझं काय, माझे केस पांढरे झालेत. जा.”

मी गेलो.

चौकशीला आलेल्या माणसानं विचारलं, तुम्ही कुठे होतात? मी म्हणालो, कॉरिडॉरमध्ये. इतकं सोपं होतं ते.

ताई वाचल्या. पण हात कोपरापर्यंत काळानिळा पडला, आणि तर्जनीचा पुढचा भाग कापावा लागला. त्या शुद्धीवर आल्यावर मी भेटायला गेलो. खिडकीतून ऊन पलंगावर येत होतं, त्यांचा हात उशांवर उंच ठेवलेला होता. मृणालच्या घराचं काय झालं, त्यांनी विचारलं. मिळालं म्हणालो. “छान,” त्या म्हणाल्या. “पडद्यांचं माप घेऊन ठेव, इथे पडदे फार महाग.” मग त्यांनी उशांवरच्या हाताकडे बघितलं.

“एक विचारते. तो यायच्या आधी त्यानं काहीतरी केलं असेल. मागून चौकटीपर्यंत आला असेल, मान ओढली असेल. तू बाजूनं बघत होतास. काय दिसलं?”

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. तो संशोधकाचा प्रश्न होता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, “काही नाही, ताई. एकदम आला.”

“मान?”

“नाही.”

“जीभ?”

“काहीच नाही. मी बघत होतो. पानांत होता, आणि मग हातावर.”

त्यांनी डोळे मिटले. “एकदम,” त्या हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे मला माहीत नव्हतं.”

मी घाबरून खोटं बोललो आणि ताईंनी ते निरीक्षण म्हणून घेतलं. त्या तशाच होत्या. दुसऱ्यानं नीट बघून सांगितलेलं त्या स्वतःच्या मतापेक्षा मोठं मानत. जे आयुष्यभर छातीठोकपणे सांगितलं, की साप आधी सांगतो, ते त्यांनी त्या पलंगावर, माझ्या शब्दाखातर सोडून दिलं.

सरकारनं त्यांची साप हाताळायची परवानगी काढून घेतली. प्रोफेसर भांडायला तयार होते. वर्षभर देखरेखीखाली काम करा, मग परत मिळवून देतो, म्हणाले. ताई नको म्हणाल्या. मी त्या वेळी तिथेच उभा होतो. त्या म्हणाल्या, “बाजूला चांगला बघणारा माणूस होता तरी—” आणि थांबल्या, कारण कागदोपत्री तिथे कुणी नव्हतं. मग म्हणाल्या, “मला आता त्यांची भाषा कळत नाही. ज्याला कळत नाही त्यानं दार उघडू नये.”

मंडळी दुसऱ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात गेली. नेताना ताईंनी स्वतः पेट्यांना ब्लँकेट गुंडाळलं, कापलेल्या बोटाला पट्टी होती. युर्गेन रडत होता. ताई त्याला म्हणाल्या, “रडतोस कशाला? बदली झालीय, बाकी काही नाही.” त्यानंतर लवकरच त्या निवृत्त झाल्या.

पुढच्या महिन्यात माझी उंटरवायझुंग झाली. त्यात एक नवं उदाहरण घातलेलं होतं. शिकवणारा माणूस म्हणाला, दोन माणसांचा नियम ज्यांनी इथे घालून दिला त्याच डॉ. मुळ्ये यांनी एकदा, घाईत, एकटीनं पेटी उघडली, आणि बघा काय झालं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. शेवटी मी सही केली. माझ्यानंतर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते उदाहरण सांगत असत, आणि युर्गेन म्हणतो, अजून सांगतात.

मी डॉक्टर झालो. लुडविग्सहाफेनला रसायनांच्या एका कंपनीत लागलो. मुलगी झाली. दिवाळीला ताईंना फोन करायचो, आणि पाच मिनिटांत संपवायचो.

त्या दशकाच्या शेवटाला एका रविवारी आम्ही मुलीला घेऊन त्या शहरात गेलो होतो. मृणालला बाजारात जायचं होतं. मी आणि मुलगी प्राणिसंग्रहालयात गेलो. तो साप तिथे आहे हे मला माहीत होतं, आणि मी टाळणार होतो, पण मुलीनं पाटीवरचं सापाचं चित्र बघितलं आणि हात ओढत मला आत नेलं. अंधाऱ्या दालनात त्या पेटीसमोर ताई घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या. तोच राखाडी स्वेटर.

“ये,” त्या म्हणाल्या, जणू मी रोज येत होतो. मग मुलीकडे वळल्या. “तू गिरीशची ना? सांग, किती?”

मुलीनं काचेला नाक लावलं. “आइन्स.”

“परत बघ.”

मुलगी बघत राहिली. ताई मला म्हणाल्या, की त्या महिन्यातून दोनदा येतात, ट्रेननं. इथला रखवालदार तरुण आहे, बरा आहे, पण मागचं दार एकटाच उघडतो. त्यांच्याकडे माणसं कमी. “मी त्याला सांगितलं, निदान मी येईन त्या दिवशी तरी थांब. तर हसला. पण थांबतो हां.”

“झ्वाय!” मुलगी वर बोट दाखवत ओरडली. “पापा, दा ओबेन!”

“शाब्बास,” ताई म्हणाल्या. “तुझ्या बापाला तासभर लागला होता.”

मी म्हणालो, “ताई, मला तुम्हाला—”

तेवढ्यात पेटीच्या मागच्या भिंतीतलं दार किलकिलं झालं आणि चिमटा धरलेला एक हात आत आला. ताईंनी अर्धं बोट असलेला उजवा हात वर करून मला गप्प केलं. त्या स्टुलावरून उठल्या, बाजूच्या काचेशी जाऊन उभ्या राहिल्या. रखवालदाराला काचेतून काही ऐकू येणार नव्हतं, आणि ऐकू आलं असतं तरी त्याला मराठी कळलं नसतं. त्या हलकेच म्हणाल्या, “बघतेय.”

मुलीला बाहेरची माकडं बघायची होती. ती माझा हात ओढत होती. मी तिला निमित्त केलं. “येतो, ताई,” असं म्हणून निघालो. दालनाच्या दारातून मी मागे बघितलं. ताईंनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. पेटीचं दार अजून उघडं होतं.

तीच त्यांची शेवटची भेट.

त्या पेटीसमोर ताई एकट्या नव्हत्या. बाजूच्या काचेशी मी होतो. सापानं मान ओढली होती की नाही, मला माहीत नाही, कारण मी बघत नव्हतो. त्याची भाषा बदलली नव्हती आणि ताईंचे डोळेही गेले नव्हते. हे मला त्या संस्थेत जाऊन, जर्मनमध्ये, माझ्या नावानं सांगायचं आहे, म्हणजे ते उदाहरण तरी बंद होईल. ताईंना सांगायचं राहिलं, ते आता कायमचं राहिलं. संस्थेला अजून सांगितलेलं नाही.